बिनसावलीची गच्ची

"आकाश बदलायच्या आधी जरा जमिनीकडे बघत जा," स्टुडिओवाले काका म्हणाले होते. "पांढरं आकाश दोन तऱ्हांचं असतं. ढगाळ दिवस असला तर खाली सावल्याच पडत नाहीत. कडक ऊन असलं आणि कॅमेऱ्याने जास्त उजेड घेऊन आकाश जाळलं असलं, तर सावल्या काळ्याकुट्ट. दोन्हींवर एकच निळं आकाश थापलंस, तर फोटो खोटा दिसेल."

"काका, गिऱ्हाईक सावल्या कुठे बघतंय? ते आकाश बघतं," ती हसून म्हणाली होती. तेव्हा ती फोटो सुधारायचं काम नुकतीच शिकत होती.

आता तिचं स्वतःचं काम होतं. लेक, छोटी, जन्मल्यापासून ती ते घरूनच करायची, एका पायाने पाळणा हलवत. लोक सहलीचे, साखरपुड्याचे, विकायला काढलेल्या घरांचे फोटो पाठवायचे. मेलेली आकाशं ती जिवंत करून द्यायची. तिचं एक पेजही होतं. फिकं आकाश कसं सुधारायचं, ते ती तिथे लोकांना समजावून सांगायची.

बाकी सगळा वेळ ती काळजी करायची. गॅस बंद आहे ना, छोटीचा खोकला वाढला नाही ना. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहणारे बाबा, साखर वाढलेली, त्यात तो जिना. बाबा तिला काळजीवाहू सरकार म्हणायचे. शेवटी त्यांनीच तह केला होता. "दिवसातून चारदा फोन करून माझं डोकं खाऊ नकोस. रोज सकाळी गच्चीवरून एक फोटो पाठवत जाईन. फोटो आला की समजायचं, म्हातारा जिना चढून गेला, पाय शाबूत आहेत."

फोटो रोज येत होता. बाबांचा फोन जुना, त्यात आकाश नेहमी धुऊन निघाल्यासारखं पांढरं यायचं. हात धुवावेत तितक्या सहज ती त्यावर नवं आकाश चढवायची आणि घरच्या ग्रुपवर टाकायची. आत्या लगेच 'छान'चा अंगठा टाकायची. तिचीही सकाळ मार्गी लागायची.

आज तिने छान निळंशार आकाश घातलं होतं. आत्याने अंगठा टाकला नाही. लिहिलं, "छान गं. पण उसनी टोपी घातल्यासारखं दिसतंय."

तिला ते लागलं. आत्याला फोटोतलं काय कळतं? तरी तिने मूळ फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला. पाण्याची टाकी, पाइप, शेजारच्यांच्या दोरीवर वाळत घातलेली पिवळी चादर. चादरीखाली सावलीच नव्हती. टाकीखालीही नव्हती. गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती करडी.

तिने मान वर केली. तिच्या घरात खिडकीच्या गजांची सावली फरशीवरून थेट पाळण्यावर चढली होती, काळी आणि धारदार. गेले काही दिवस असंच ऊन तापत होतं. छोटीच्या डोळ्यांवर येतं म्हणून ती रोज खिडकीला ओढणी बांधत होती. एवढंसं शहर. त्यात दोन सूर्य कुठून असणार?

तिने कालचा मूळ फोटो उघडला. टाकी दुसऱ्या बाजूने दिसत होती, पण कडेला पिवळी चादर होती. एक चिमटा सुटलेला, कोपरा लोंबत होता. परवाच्या फोटोत तोच कोपरा तसाच लोंबत होता. त्याच्या आदल्या दिवशीही. तिने एकावर कापसाचे ढग घातले होते, एकावर गुलाबी संध्याकाळ, एकावर तर पक्ष्यांचा थवा.

तिने फोन लावला.

"बाबा, आज गच्चीवर ऊन आहे का हो?"

"छे गं, चांगलं ढगाळ आहे. फोटो पाठवला ना? बघितला नाहीस?"

तिने फोन ठेवला, छोटीला उचललं आणि मिळेल त्या गाडीने निघाली.

तिने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा आतल्या खोलीत होते. त्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती आणि भर दुपारी दिवा लागलेला होता. हाताशी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे मांडून ठेवले होते. उशीवर ठेवलेला पाय घोट्यापासून टम्म सुजला होता. नडगीवरची जखम काळपट पडली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"उतरताना शेवटची पायरी हुकली," बाबा म्हणाले. "तूच सांगतेस ना, एक फोटो काढून थांबू नका, भरपूर काढा, एखादा तरी बरा येतो? त्या दिवशीचे होते, तेच पुरवून पुरवून पाठवत होतो. म्हटलं, तेवढ्यात सूज उतरेल. उगाच सरकार कशाला पाडायचं?"

"आणि माझ्या लक्षात आलं असतं तर?"

"कसं येणार? आकाश तर तू रोज नवीन घालतेस."

दवाखान्यात जखम साफ झाली. पायाला प्लॅस्टर लागलं. साखर एवढी असताना पायाची जखम अशी अंगावर काढतात का, म्हणून डॉक्टर बाबांना रागावले. बाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "यांना विचारा. काळजीचं खातं यांच्याकडे आहे." ती हसली नाही.

संध्याकाळी तिने पेजवर तो फोटो टाकला, जसाच्या तसा. टाकी, पिवळी चादर, करडी गच्ची, पांढरं आकाश. खाली लिहिलं:

"हे आकाश मी सुधारलेलं नाही. आज काही शिकवणारही नाही. एकच करा. तुमचं जे कुणी लांब, एकटं राहतंय, त्यांनी पाठवलेला शेवटचा फोटो उघडा. छान आहे का ते बघू नका, आजचा आहे का ते बघा. आणि फोन करून विचारा, बाहेर ऊन आहे का."