नावेऐवजी पूल

साल दोन हजार एकवीस. रविवार होता, आणि दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं होती.

संगणकासमोर दोघी बहिणी बसल्या होत्या, ताई चाकांच्या खुर्चीत आणि धाकटी स्टुलावर. पडद्यावर नदी होती. काठावर निळ्या कोटातली एक नाववाली बाई उभी होती. ती ताई.

गेममधलं ते गाव चाळीसेक माणसं आपापल्या घरी बसून चालवायची. कुणी खाणीत राबायचं, कुणी टपाल वाटायचं. नदी ओलांडायची तर ताईची नाव. अर्धांगवायूच्या दोन झटक्यांनी ताईची वाचा नेली होती, लिहिणंही नेलं होतं. हातात उरलं होतं डाव्या हाताचं एक बोट, पण नावेला ते पुरत होतं. एक बटण दाबलं की लोक चढायचे, नाव सुटायची, पलीकडे लागायची. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, बाई मानी आहे, उगाच तोंड वाजवत नाही.

"ताई, आज तरी बोला काहीतरी, नाहीतर मी मारतो उडी!" टपालवाला रोज माइकवरून म्हणायचा.

ताई बटण दाबायची. नाव हलली की तो धडपडायचा आणि नावेतले सगळे खो खो हसायचे. मग ताईचा सगळा दिवस बरा जायचा.

आज तीन वाजता गाव नव्या फ्रेमवर्कवर जाणार होतं. फ्रेमवर्क म्हणजे गावाचा खालचा सांगाडा. घरं, दुकानं, नाव, सगळ्यांच्या स्क्रिप्ट, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या सूचना, त्याच्यावर उभ्या. जुन्याला आता कुणी वाली उरला नव्हता आणि आठवड्यातून दोनदा सर्व्हर मान टाकायचा. तो सांभाळणारे मास्तर, एरवी शाळेत गणित शिकवणारे, महिनाभर एकेक स्क्रिप्ट नव्या सांगाड्यावर बसवत होते. घोडं अडलं ते नावेपाशी.

"मावशी, मी हात टेकले," त्यांनी धाकटीला फोनवर सांगितलं होतं. "नावेची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तिला कुलूप घालून ठेवलंय, आणि तो गेला कुठे त्याचा पत्ता नाही. पण काळजी नको. नव्याबरोबर पूल आयता मिळतोय. सगळ्यांनी पुलालाच मत दिलं. ताईंना म्हणावं, पुष्कळ राबलात, आता जरा बसा."

"नवी नाव लिहिता नाही का येणार?"

"येईल की. पण पूल असताना नावेत बसणार कोण?"

खरं काय ते सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ताईने ते केव्हाच बंद करून टाकलं होतं. बोट टेबलावर एकदा आपटलं की हो, दोनदा आपटलं की नाही. आणि 'सांगू का त्यांना?' ह्याला ती नेहमी दोनदाच आपटायची.

तीनला पाच कमी असताना धाकटीने पुन्हा विचारलं. "ताई, अजून वेळ आहे. चांगली माणसं आहेत गं. थांबतील."

दोनदा.

"बरं, मग आपण दुसरं काम घेऊ. दुकान घेऊ. माऊस मी धरते, तू नुसती सांग."

ताईने तोंड फिरवलं.

"अगं, मग तू तिथे दिवसभर करणार काय?" धाकटी ओरडलीच.



तीन वाजता पडदा काळा झाला. वीस मिनिटांनी नदी परत आली. नाववालीही होती तिथेच, निळ्या कोटात. तिच्या मागे पांढराशुभ्र पूल उभा होता आणि सगळं गाव पुलाच्या तोंडाशी लोटलं होतं.

"माझी कुदळ कुठाय? मास्तर, माझी कुदळ खाल्लीत तुम्ही!" खाणवाला बोंबलत होता.

"मिळेल, मिळेल. मंडळी, पूल खुला!"

ताईचं बोट सवयीने बटणावर गेलं. धाकटीला धरायला उशीर झाला. नव्या फ्रेमवर्कमध्ये त्या बटणाला दुसरंच काम लावून दिलेलं होतं. काठावरच्या नाववालीने टाळी वाजवली.

"अरे बघा, ताई टाळ्या वाजवतायत!" टपालवाला ओरडला.

ताईने पुन्हा दाबलं. नाव आली नाही. तिने पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिली, नख पांढरं पडेपर्यंत. नाववाली टाळ्यांवर टाळ्या वाजवत राहिली. चाळीस माणसं पुलाकडे पाठ करून तिच्याकडे वळली आणि त्यांनीही टाळ्या सुरू केल्या.

"ताई, थँक यू," मास्तर म्हणाले. "मला धाकधूक होती, तुम्हाला राग येईल म्हणून."

धाकटीने ताईचं बोट आपल्या मुठीत घेतलं. ते मुठीतही दाबत राहिलं.

गाव पुढे भरभराटलं, दोनशेच्या वर माणसं झाली. टपालवाला पुलावरून धावत जातो, गप्पा मारायला आता त्याला सवड होत नाही. ताई दुसऱ्या वर्षी गेली. धाकटीने मास्तरांना शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. तेवढा एक शब्द तिने पाळला.

मास्तरांनी त्या दिवशीचं चित्र गावाच्या पहिल्या पानावर लावलंय. पूल, गर्दी, आणि सगळ्यांच्या पुढे टाळ्या वाजवणारी नाववाली. ती हसतेय. त्या गेममध्ये सगळ्यांनाच तो एक चेहरा दिलेला होता.