खळीची बाजू

दगडूताईंनी छापलेला ओला कागद दोन्ही कोपऱ्यांना धरून कोरलेल्या लाकडी फळीवरून अलगद सोलला आणि खिडकीशी नेला.

"पोरगं झकास हसतंय गं," त्या म्हणाल्या. "खळी उजव्या गालाला का?"

"हो," ती म्हणाली. मग शाईचा रूळ तिच्या हातात तसाच राहिला.

दगडूताई दगडाच्या मूर्ती घडवायच्या, म्हणून हे नाव. खरं नाव त्याही सांगायच्या नाहीत. तळ्याकाठच्या या घरात महिनाभर येऊन काम करणाऱ्या कलाकारांपैकी सध्या दोघीच होत्या. छाप काढायला चार हात लागतात, तेवढ्यापुरत्या त्या छिन्नी ठेवून यायच्या.

लाकडात उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. हे ती झोपेतही चुकली नसती. डोळे मिटून आठवलेला मुलाचा चेहरा तिनं नियमाप्रमाणे उलटा केला होता आणि खळी कोरली होती. पण आठवला होता तो कुठला चेहरा? समोरून पाहिलेला, की रोज कडेवर घेऊन केस विंचरताना आरशात दिसतो तो? आरशातला असेल, तर तो आधीच उलटा होता.

"आरसा," ती म्हणाली.

दगडूताईंना लगेच कळलं. "अगं बाई! मुलगा तुझाच ना?"

"माझाच."

"मग बघ की फोटो."

फोन समोर धरला की तो साहेबासारखा गंभीर व्हायचा. हसरा फोटो एकच होता, आणि तोही तिनं फोन स्वतःकडे वळवून काढलेला. असे फोटो फोन उलटे ठेवतो की सुलटे, तेही तिला सांगता येईना.

तिनं हात पुसायचा पंचा गुंडाळला, त्याला पाजताना घ्यायची तसा डाव्या दंडावर आडवा घेतला आणि अंगठा गालाच्या जागी टेकवला. पंच्याला रॉकेलचा वास होता. हाताला काही आठवेना. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढून बघावा, तसं तिनं मनात म्हणून पाहिलं: तुला तुझ्या मुलाची खळी आठवत नाही. काहीच झालं नाही. खिडकीबाहेर पाणी होतं. या घरात कुठल्याही खिडकीबाहेर पाणीच असायचं.

"नवऱ्याला विचार," दगडूताई म्हणाल्या.

"त्याला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही. तो आईंना विचारणार."

"सासू टाकून बोलते?"

"नाही हो. फार चांगल्या आहेत. त्याच म्हणाल्या, तू जा, मी बघते त्याला." तिनं पंचा खाली ठेवला. "त्यांना नको कळायला."

"बरं. बदलायची असेल तर मी जुन्या खळीच्या जागी लाकडाचा तुकडा ठोकून देते, दुसऱ्या गालावर नवी कोर. पण बाजू तू सांगायची. फोनवर हसला की दिसेलच, त्यात काय?"

रेंज फक्त बाहेरच्या लाकडी धक्क्यावर यायची. संध्याकाळी ती टोकाला जाऊन बसली. नवऱ्यानं फोन उचलला आणि मुलाला पडद्यासमोर धरलं.

"ढब्बू, बघ कोण आहे!"

ढब्बूनं बघितलं. वरचा एक दात पुरता आला होता.

"बुवाऽऽ कुक!" तिनं तोंडासमोरचा हात काढला. हाताला शाई होती. तो बघत राहिला. तिनं जीभ बाहेर काढली, गाल फुगवले, मांजराचा आवाज काढून दाखवला, म्हशीचा काढून दाखवला. पाण्यावरून तिचाच आवाज तिच्याकडे परत आला.

"बघतोय ना तुझ्याकडे," नवरा म्हणाला. "की मागचं पाणी बघतोय रे लबाडा?"

"मी नसताना हसतो?"

"हसतो म्हणजे? गुदगुल्या न करता लोळतो! त्रास नाही गं काही. तू आरामात काम कर."

"बरं."

तेवढ्यात तिकडे सासूबाईंना शिंक आली. मोठी, पदरातही न मावणारी. ढब्बू खिदळला. सगळं अंग हलवून, आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवून खिदळला. सासूबाईंनी मग खोटीच शिंक काढली, पुन्हा काढली, आणि तो थांबेचना. पडद्यावर त्याचा फक्त एक कान होता. कानामागचे केस कापलेले होते. बरे कापले होते.

"पडली बघ खळी!" नवरा ओरडला. "दिसली का तुला?"

"दिसली," ती म्हणाली.

ती परत आली तेव्हा दगडूताई फळीजवळ हातोडी आणि लाकडाचा तुकडा घेऊन तयार बसल्या होत्या.

"मग? ठोकू?"

"नको. आहे तशी राहू दे."

"बरोबर होती ना? मी म्हटलं नव्हतं! आई कशी विसरेल?" दगडूताईंनी हातोडी ठेवली आणि वाळलेला छाप दोरीवरून उतरवून तिच्यापुढे पसरला. "सही कर मग खाली. आणि नाव घाल पोराचं, मधोमध."

तिनं पेन्सिल घेतली, उजव्या कोपऱ्यात सही केली. मग मधे, नावाच्या जागी, बारीक अक्षरात, ओळ सरळ येतेय ना ते बघत लिहिलं: एक मूल.