कोबुसच्या दारावरचं कार्ड

कोबुस कुत्र्याच्या पिंजऱ्यावर पिवळं कार्ड लटकत होतं. सकाळपर्यंत तिथे लाल होतं.

पिवळं म्हणजे बुजरा. लाल म्हणजे माणसाला चावलेला. बुधवारची अर्धी शाळा सुटली की सित्स्के प्राण्यांच्या आश्रमात पिंजरे धुवायला यायची, रंग तिला पाठ होते. दोन्ही हातांत बादल्या घेऊन ती तिथेच थबकली.

जाळीसमोर एक आई उकिडवी बसली होती. तिचा चार वर्षांचा योरिस कोबुसला गाजर दाखवत होता. कोबुस चक्क शेपूट हलवत होता. शेजारी आश्रमाचे प्रमुख, वीब्रेन.

"जरा बुजरा आहे, बाकी काही नाही," ते म्हणाले.

"बुजरा?" सित्स्केने बादल्या दाणकन आदळल्या. पाणी थेट वीब्रेनच्या बुटांत. तिने बाही कोपरापर्यंत सारली. "हे बघा, काकू. सात टाके. तो खात होता आणि मी त्याच्या भांड्याला हात लावला."

आईने योरिसला झटकन कडेवर घेतलं. "आणि तरी तू येतेस त्याच्याकडे?"

"येते की! पण मी सोळा वर्षांची आहे, आणि माझ्या हातात गाजर नसतं."

मायलेक गेले. गाजर जाळीपाशीच पडून राहिलं.

वीब्रेन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चौदा महिन्यांत त्याच्यासमोर थांबलेली ही पहिली माणसं, सित्स्के. लाल दिसलं की लोक पाऊलसुद्धा हळू करत नाहीत. शुक्रवारी डॉक्टर येणार, त्याला कायमचं झोपवायची सुई घेऊन. ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग मारलंस तू त्याला. बरं वाटलं?"

"नाही वाटलं. त्या पोराचा गाल फाटला असता तर तुम्हाला वाटलं असतं?"

"फाटलाच असता कशावरून?"

"नसताच कशावरून?"

वीब्रेन बुटातलं पाणी काढत राहिले.

सित्स्केने कडी सरकवली, आत शिरली आणि ओल्या फरशीवर कोबुसकडे पाठ करून बसली. चावऱ्या कुत्र्यापाशी असंच बसायचं असतं, त्याच्या डोळ्यांत न बघता.

"बाहेर ये! डोकं फिरलंय का?"

"डॉक्टरांना सांगा, आधी मला उठवावं लागेल."

"शुक्रवारपर्यंत बसणार? आणि शाळा?"

"उद्या भूगोल आहे. बुडू दे."

मागे कोबुस गुरगुरला. खोल, घशातून. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. ती तसूभरही हलली नाही.

"गुरगुर," ती म्हणाली. "खुश्शाल गुरगुर. माझ्यासमोर गोड वागायची गरज नाही तुला."