बोटही दिसायला नको

टावर चौकातल्या स्टुडिओत आल्हादचा पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता, पण सात महिन्यांचं ते पोर स्टुलावर एकटं कसं बसणार? मग फोटोग्राफरनं मृण्मयीला बसवलं, तिच्या डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि बाळाला तिच्या मांडीवर दिलं. "भाभीजी, कसके पकडो. पर आपकी उंगली भी दिखी ना, तो फोटो रिजेक्ट!"

चादरीआडून तिनं त्याला धरून ठेवलं. तो मात्र तिच्या वासानं सारखा मागे वळून चादरीत तोंड खुपसत होता.

शेवटी कॅनडाहून आलेल्या थोरल्या जाऊबाई कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी खुळखुळा वाजवला. "आल्हाद, इकडे बघ राजा, आई इकडे आहे!"

दत्तकाच्या कागदांवर सही करून मृण्मयीनं त्याला जाऊबाईंच्या ओटीत घातल्याला आठ दिवस झाले होते. त्या हाकेला तो आज पहिल्यांदाच वळला.



"एकदम परफेक्ट!" स्क्रीनकडे बघत फोटोग्राफर म्हणाला, "पीछे कोई है, पता ही नहीं चल रहा."