मुठीवरचे ठोके

२०१८ साली मंडळाच्या स्मरणिकेसाठी आमच्या ह्यांना त्यांच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरवर लेख लिहायचा होता. पहिल्या महायुद्धात गोळ्या संपल्यावर आजोबांनी त्याच्या लाकडी मुठीनेच शत्रूला झोडपलं, असं लग्न झाल्यापासून हे मला सांगत आले होते. मुठीच्या बुडाला ठोक्यांच्या खुणाही होत्या. तरी पुरावा हवा, म्हणून बंदुका दुरुस्त करणाऱ्या कृष्णमूर्तींना बसवनगुडीच्या घरी बोलावलं.

त्यांनी स्क्रू काढून मूठ उलटी केली आणि आतला आकडा भिंगातून वाचला. "अक्रोडाचं लाकूड. रिव्हॉल्व्हरवरचा नंबर जुळतो. मूठ शंभर वर्षांची, अस्सल."

"आणि खुणा?" ह्यांचा चेहरा फुलला होता.

"स्वल्प थांबा, अण्णा." त्यांनी एका खुणेत सुई फिरवली, टोक हुंगलं. "वेलदोडा!"

मग मला बोलावंच लागलं. "खंडेनवमीला सासूबाई विळी, बत्ता, सगळं पूजेत मांडायच्या. एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. रिकामं रिव्हॉल्व्हर पुसून शेवटी मांडायचं काम माझं. श्रीखंडाचे वेलदोडे मी तेवढ्यात कुटून घ्यायचे."

"किती वर्षं?" ह्यांनी विचारलं.

"एकतीस."

लेख काही छापून आला नाही. कृष्णमूर्ती आता मुलीकडे म्हैसूरला असतात. हे तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत आल्यागेल्याला ती मूठ दाखवायचे आणि पूर्वीच्याच ऐटीत सांगायचे, "हे ठोके आमच्या हिचे!"