केकला धक्का लागू नये म्हणून

“उतरा, ब्रेकर आला,” स्वानंद म्हणाला आणि त्यानं मारुती कडेला घेतली.

त्याची बायको सुनेत्रा उतरली. मागच्या सीटवरून तिच्या सासूबाई, नर्मदाबाई, गुडघ्यांची समजूत घालत उतरल्या. हलकी झालेली गाडी मुंगीच्या पावलांनी ब्रेकर चढली, उतरली आणि पुढे जाऊन थांबली. दोघी चालत तिच्यामागे गेल्या. देवासहून निघाल्यापासून दर ब्रेकरला हीच कवायत चालली होती. आणि त्या वर्षांत देवास ते धार रस्त्याला जिथे ब्रेकर नव्हता तिथे खड्डा होता.

कारण मागच्या सीटवर केक होता. तीन मजली, बिनअंड्याचा, सुनेत्रानं दोन रात्री जागून घरी केलेला. त्याच्यावर तान्ह्या बाळाची मच्छरदानी आणि वर पांढरी चादर. नर्मदाबाईंचे थोरले बंधू दत्ताजी यांची पंचाहत्तरी यंदा नेमकी भाऊबीजेला आली होती. दत्ताजींना शुगर होती आणि त्यांच्यासाठी हा तीन मजली साखरेचा डोंगर निघाला होता. पण हे सूनबाईंना सांगणार कोण?

“मजले वेगवेगळे नेऊ, तिथे जाऊन रच,” असं नर्मदाबाईंनी निघताना सुचवून पाहिलं होतं.

“आई, क्लासमध्ये असाच शिकवलाय,” सुनेत्रा म्हणाली होती. क्लासमध्ये रचायला शिकवला होता. न्यायला शिकवला नव्हता.

नर्मदाबाईंचा जीव केकात नव्हताच. बहिणीनं ओवाळल्याशिवाय भाऊबीजेला अन्नाला शिवायचं नाही, हा दत्ताजींचा जन्माचा नेम. दरवर्षी त्या न्याहारीच्या वेळेला पोचत. आज वाटेतल्या बेटम्यातच ऊन डोक्यावर आलं होतं. म्हातारा माणूस, साखरेचा आजार, पोटात अन्न नाही.

आणि बेटम्यातच केक जरासा कलला. सुनेत्रा किंचाळली, मग क्रीम बिघडेल म्हणून तिनं स्वतःचंच तोंड दाबलं. नवे नियम झाले. यापुढे आईंनी ब्रेकरला उतरायचं नाही. आत बसून चादरीवरून केकला हात लावून धरायचं. बोलायचं नाही, बोलल्यानं क्रीमला वाफ लागते. आणि दार लावताना धाडकन नाही, फुलासारखं लावायचं.

नर्मदाबाई केकाआड बसल्या. पुढच्यांना आरशात फक्त चादर दिसत होती. त्यांनी हात धरला तो धरला.

घाटाबिल्लोदला पोचेपर्यंत त्यांच्या हाताला मुंग्या आल्या आणि घशाला कोरड पडली. स्वानंद आणि सुनेत्रा गाडीपुढे उभे राहून एका खड्ड्याची खोली काठीनं मापत होते. नर्मदाबाईंनी पिशवी उचलली. सुट्ट्या पैशांसकट सगळं त्यांच्या पिशवीत असे. नियमाप्रमाणे त्या काही बोलल्या नाहीत. नियमाप्रमाणे त्यांनी दार फुलासारखं लावलं. गाडीमागच्या हातपंपावर जाऊन पोटभर पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि वळल्या, तर गाडी गेलेली.

हाक मारून काय उपयोग होता? त्या मटकन कट्ट्यावर बसल्या. एवढ्यात धारची बस आली.

“मांजी, धार जाणो है कंई?” कंडक्टर दारातून ओरडला. “आई जाओ, सीट खाली है!”

बस कसली, नुसती उधळलेली घोडी होती ती. ब्रेकर तिला दिसतच नव्हते. नर्मदाबाई दर खड्ड्याला वीतभर उडत होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना बरंच वाटत होतं. थोड्याच अंतरावर पुढे त्यांची मारुती दिसली. सुनेत्रा मान वळवून चादरीकडे डोळे लावून बसली होती. स्वानंदनं बसला वाट देण्यासाठी गाडी आणखी कडेला घेतली आणि खिडकीतून हात काढून ‘जा पुढे’ अशी खूण केली.

“थांबवा हो, ती आमची गाडी,” हे शब्द अगदी ओठांवर आले. मग त्यांना भावाचं उपाशी तोंड आठवलं. त्यांनी शब्द गिळले. बस पुढे गेली.

धारला दत्ताजी घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक झाला होता. घरचे साखरपाणी घेऊन विनवत होते आणि हट्टी म्हातारा मान हलवत होता.

“नमे, एकटीच? बाकीचे कुठायत?”

“केक येतोय मागून. त्याच्यासोबत आहेत. तू आधी पाटावर बस, दादा.”

नर्मदाबाईंनी ओवाळलं. भावानं वरणभाताचे चार घास खाल्ले आणि त्याच्या तोंडावर रंग आला. मग दोघं भावंडं दुपारभर बोलत बसली. लग्न होऊन देवासला गेल्यापासून एवढा निवांतपणा त्यांना कधी लाभला नव्हता. नर्मदाबाईंना मनातून केकाचे उपकार वाटले.

दिवेलागणीला मारुती फाटकाशी आली.

“मामा, केक एकदम सहीसलामत!” स्वानंद उतरता उतरता ओरडला. “एक खरोंच नाही!”

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं अलगद मागचं दार उघडलं, चादरीशी वाकली आणि केकापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, पोचलो हो. आता सोडा हात.”

“सोडलाय गं,” ओट्यावरून नर्मदाबाई म्हणाल्या, “घाटाबिल्लोदलाच.”