दादाचा मुद्दा

दादा वरच्या मजल्यावर राहतो, मी खाली. तरी आमची भांडणं ॲपवरच. "या ॲपवाल्या कंपन्या फक्त सरकारचं ऐकतात," असं मी लिहायचो. "साध्या माणसाचंही ऐकतात," असं दादा वरून ठणकावायचा. परवा ॲपच्या कंपनीने दादाचंच अकाउंट बंद करून टाकलं.

आज तो हाताने लिहिलेली चार पानं घेऊन, धापा टाकत आमच्या दारात उभा. "अकाउंट गेलं, मुद्दा नाही गेला! ऐक!"

बायकोने चहा टाकला. घसा बसेपर्यंत आम्ही भांडलो, पोट दुखेपर्यंत हसलो. शेवटी मी म्हणालो, "दादा, हरलो. कंपनी साध्या माणसाचं ऐकते."

"आता कसं पटलं?"

"तुझ्या अकाउंटची तक्रार मीच केली होती. आठ महिने झाले, जिना उतरला नव्हतास."